भिंतीवरचे अठरा हात

पाहुणा येणार म्हटलं की घर सारवायचं, एवढं साधं शास्त्र तानीला ठाऊक होतं. आणि पालघरहून सरकारी बाई येणार म्हणजे तर पाहुण्यांतला पाहुणा. तेव्हा त्या सकाळी तिनं पाटीभर शेण कालवलं, त्यात लाल माती घातली, पदर खोचला आणि पडवीतली कारवीच्या कुडाची भिंत सारवायला घेतली. निम्मी भिंत झाली. उरलेल्या निम्मीकडे ती सरकते आहे तोच नीलेशची मोटारसायकल अंगणात शिरली आणि गाडी धड उभी न करताच तो ओरडला,

“काकी! काय केलंस तू!”

तानीला वाटलं, पाठीमागे साप निघाला. पाटी टाकून ती दोन पावलं बाजूला उडाली. साप कुठेच नव्हता. होता तो सुकाभाऊजींचा नीलेश, आई गेल्यापासून तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेला, बोईसरच्या कारखान्यातली रात्रपाळी उतरून थेट आलेला. भिंतीकडे बघून तो रडायचाच काय तो बाकी होता.

“सारवते हाय,” तानी म्हणाली. “बाई येनार ना तुझी? मग पोपडे आलेली भिंत दाखवू तिला?”

“अगं, तीच भिंत बघायला येतेय ती!”

“मग? तीच तर सारवते.”

नीलेश पडवीच्या कडेला मटकन बसला.

खरं तर तानीचं काही चुकलं असं पाड्यात कुणालाच वाटलं नसतं. त्या भिंतीवर तांदळाच्या पिठात बुडवून उमटवलेले अठरा हात होते. ऐंशी वर्षांमागं, गवतकापणीच्या हंगामात, जमीनदाराच्या रानात फुकट राबायला, म्हणजे वेठीला, यापुढे जायचं नाही, अशी शपथ पाड्यानं याच घरात घेतली होती. सही कुणाला येत नव्हती, कागद कुणाकडे नव्हता. म्हणून ज्यानं त्यानं आपला हात भिंतीवर उमटवला. ही गोष्ट पाड्यातलं शेंबडं पोरही सांगे, पण ती कागदावर आणली नीलेशनं. गेल्या वर्षी नव्या रस्त्याची आखणी करणारी माणसं आली आणि जाताना पडवीच्या खांबावर लाल रंगानं आकडा घालून गेली. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. घर स्मारकांच्या यादीत गेलं तर रस्त्याची रेघ सरकणार होती. नाही गेलं तर घर जाणार होतं. सुट्टी असली की पालघर, सुट्टी नसली तर रजा टाकून पालघर, असा त्यानं ऑफिसचा उंबरठा झिजवला, तेव्हा कुठे आज दुपारी तीन वाजता पाहणीला बाई येणार होती.

घर गेलं तर सुकाभाऊजी म्हाताऱ्या आईला घेऊन मुलाकडे बोईसरच्या खोलीत राहिले असते. सपनाचं, नीलेशच्या बहिणीचं, लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं, ती सासरी गेली असती. तानीचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. तिला या भिंतीपलीकडे कुठे जायला जागा नव्हती. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण लाल आकडा पुसता येतो का म्हणून तिनं दोनदा राखेनं खांब घासून पाहिला होता.

आरडाओरडा ऐकून घरातली सगळी जमली. शेतावरून सुकाभाऊजी आले, हातात कोयता तसाच. सपना फोन कानाला लावून बाहेर आली आणि भावाचं तोंड बघून तिनं फोन ठेवला. आजी बायडी आधीपासूनच पडवीच्या दुसऱ्या टोकाला सुपात वाल निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“नऊ हात गेले,” नीलेश बापाला म्हणाला. “ऐंशी वर्षं टिकले, आन आज सकाळी गेले.”

“ऐंशी?” सुकाभाऊजींनी कोयता खांबाला टेकवला. “अरे, गेल्या साली लावलेले ते.”

“काय?”

“दर साली सारवतो ना आपन. भात झोडून झाला की सारवायचं. सारवन वाळलं की ज्याच्या त्याच्या घरचं मानूस येतं, आपल्या घरचा हात लावून जातं. बाप गेला तर पोरगा येतो, पोरगा नसला तर सून येते. यंदा तुझी बाई येनार म्हनून थांबलो. आज सांजचे येतील सगळे.”

नीलेशनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सपनालाही माहीत होतं, हे तिच्या खाली घातलेल्या नजरेवरून कळत होतं. तो सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेला, मग वसतिगृह, मग बोईसर. सणाला, सुट्टीला घरी आला की हात आपले भिंतीवर असायचेच. सारवणाच्या दिवसांत तो कधी घरी नव्हता. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण त्यानं विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची या घराची रीत नाही.

“मी अर्जात लिहिलंय, ‘मूळ ठसे’,” तो हळूच म्हणाला. “‘गेल्या पन्नास वर्षांत वास्तूत काही बदल झाला आहे काय?’ त्याच्यापुढं लिहिलंय, ‘नाही’.”

“मूळचेच हायेत,” सुकाभाऊजी म्हणाले. “घरं तीच हायेत ना?”

“बाबा, तसं नसतं ते!”

पुढचा अर्धा तास पडवीत जी सभा भरली तिला ग्रामसभा फिकी पडली असती. नीलेशचं डोकं सुरू झालं की थांबत नाही. गेलेले नऊ हात आत्ताच उमटवायचे, असं त्यानं ठरवलं. सारवण उन्हानं नाही वाळलं तर शेकोटी करून वाळवायचं, हातांवर चुलीची काजळी फुंकायची, वर थोडी धूळ. दोघं-तिघं मिळून केलं तर तीनपर्यंत भिंत ऐंशी वर्षांची दिसेल.

“खोटं करायचं?” सपना म्हणाली.

“खोटं काय त्यात? हात तेच ना? बाबाच म्हनाले आत्ता.”

“मग काजळी कशाला?”

“तू गप. लगीन झाल्यावर याच अंगनात माहेरी यायचंय ना तुला? पुढच्या सालाला अंगन राहील का नाय ते बघ आधी.”

“माझ्या लग्नाच्या नावावर तू लबाडी नको करू, दादा.”

“पोरगी बरोबर बोलते,” सुकाभाऊजी म्हणाले. मग खांबावरच्या आकड्याकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी कोलांटी मारली. “पन पोरगा पन बरोबर बोलतो. घर राहिलं तर पुढचं. काळं करा काय करायचं ते.”

नीलेशनं तानीकडे पाहिलं. ताप आला की लहानपणी याच नजरेनं बघायचा तो. तानीचा जीव तुटला. तिला लबाडी पटत नव्हती, पण या पोराचं पडलेलं तोंड त्याहून पटत नव्हतं. ती आत गेली, तांदळाचं पीठ घेतलं आणि ताटलीत कालवायला बसली.

“पातळ नको,” नीलेश जवळ येऊन बसत म्हणाला. त्याचा आवाज आता जरा सावरला होता. “आणि काकी, आधी वरच्या ओळीतला मोठा हात काढू. पनजोबांचा. जान्याबाबाचा. मी भाषनात सांगतो ना, ज्याच्या घरात शपथ झाली त्याचा हात सगळ्यांत मोठा आन सगळ्यांत वर. बाई पयला तोच विचारील.”

तानीचा हात पिठातच थांबला.

इथवर ती त्याच्याबरोबर आली होती. काजळी फुंकली असती, धूळ उडवली असती, सरकारी बाईच्या तोंडावर बेधडक थापही मारली असती. पण जान्याबाबाचा हात ती कशी काढणार? लग्न होऊन आल्याच्या पहिल्या वर्षी सासूनं तिला या भिंतीपुढे बसवून एक गोष्ट सांगितली होती आणि म्हटलं होतं, हे पोटात ठेव, पण विसरू नको. तानीनं मान वळवून सासूकडे पाहिलं.

बायडीनं सूप खाली ठेवलं.

“तो मोठा हात बन्सीच्या घरचा हाय,” ती म्हणाली. “त्या घरची मानसं धिप्पाड. आता बन्सी लावतो, आधी त्याचा बाप लावायचा.”

“मग पनजोबांचा कुठला?”

“नाय.”

“नाय म्हंजे?”

“आपल्या घरचा हात नाय त्या भिंतीवर. तू किती सालं मोजतोस? अठरा घरं, अठरा हात. आपन धरून घरं एकोनीस.”

सुकाभाऊजी अंगणाकडे तोंड करून उभे राहिले.

“होता,” बायडी म्हणाली. “पयल्या दिशी होता. सगळ्यांच्या आधी जान्याबाबानंच लावला. तीन दिस कोन रानात गेलं नाय, गवत उभं. चवथ्या दिशी जमीनदाराची मानसं आली आन माझ्या सासूला घेऊन गेली. तिला आठवा म्हयना. वखारीपुढं उन्हात बसवली. सांगितलं, जान्या विळा घेईल तेवा हिला पानी देऊ.” तिनं सुपातले वाल हातानं सारखे केले. “पोटात होता तो माझा नवरा. तुझा आजा.”

नीलेश तानीजवळून उठून आजीपुढे येऊन बसला.

“गेला जान्याबाबा. सांज होईतो कापलं. बायकोला घेऊन घरी आला, तिला खाटेवर निजवली, आन भायेर येऊन शेनाचा गोळा घेतला. सगळ्या पाड्यापुढं आपला हात आपन पुसला. लोक म्हनाले, अरं, ठेव, बायको कोनाला नाय? तो म्हनाला, मी गेलो ते गेलो. बाकीचे गेले नाय, म्हनून वेठ गेली, ते तुमचं. माझ्या हातानं भिंत सारवीन, मी हाय तंवर. माझ्यामागं माझी सून सारवील.” बायडीनं पुन्हा सूप उचललं. “सासूनं सारवली. मी सारवली. आता ही सारवते.”

नीलेश सारवलेल्या भागाकडे वळला. मग एकदम म्हणाला, “मी आदिवासी दिनाला भाषन केलं, तेवा सगळा पाडा समोर बसला होता. दोन सालं तेच सांगतोय मी. बन्सीकाका पयल्या रांगेत होता!”

“टाळ्या पन त्यानंच आधी वाजवल्या,” बायडी म्हणाली.

तो उठला आणि घरामागच्या पडीक विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. सुकाभाऊजी त्याच्यामागं निघाले तर तानीनं त्यांना डोळ्यांनीच अडवलं. तिनं चहा केला, साखर नेहमीपेक्षा चमचाभर जास्त टाकली आणि स्वतःच घेऊन गेली.

“माझी लाज राखायला सगळे गप,” नीलेश म्हणाला. “मागनं हसत असतील.”

“कोन हसत नाय. बन्सीभाऊ म्हनाला, पोरगा आपला हाय, दोन बुकं शिकला, बोलू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“तू तरी सांगायचंस, काकी.”

तानीला हाच प्रश्न नको होता. “भ्याले,” ती म्हणाली. “तू पनजोबाचं नाव घेताना छाती काढतोस, ते बघायला मला बरं वाटायचं. तुझी छाती माझ्या तोंडानं कशी उतरवू?” ती कठड्यावर त्याच्याशेजारी टेकली. “आन घर पन हाय ना. तुझ्या अर्जानं ते राहील म्हनून मी पन गप बसले. हा माझा सोवार्थ.”

नीलेशनं चहा संपवला. रिकामा पेला हातात फिरवत तो म्हणाला, “खरं सांगितलं तर घर जाईल.”

“जाईल.” तानीनं पेला त्याच्या हातातून घेतला. तिला रडू येत होतं आणि तिनं ते लपवलं नाही. “जाईल तर जाऊ दे, बाबा. पन माझ्यापायी तू लबाडी करू नको. मी सपनाच्या सासरी बी जाईन एक येळ. धुनी-भांडी येतात मला.”

“वेडी हायेस तू,” नीलेश म्हणाला. पण तो उठला.

तीन म्हणता म्हणता साडेतीनला जीप आली. प्रियदर्शिनी मॅडम चाळिशीच्या, पायांत साधे बूट, बरोबर कॅमेरावाला एक माणूस. नीलेशनं आधीच सांगून ठेवल्यामुळे बन्सीही धुतलेला सदरा घालून आला होता. आजचा बेत बदललाय हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. मॅडम पडवीत आल्या, भिंतीपुढे उभ्या राहिल्या, आणि अर्धी ओली, अर्धी ठशांची भिंत बघून त्यांनी हातातला अर्ज उघडला.

“इथे लिहिलंय, मूळ ठसे. अठरा. मला नऊ दिसतात.”

“चूक आहे ते,” नीलेश म्हणाला. तानीनं खांब धरला. “मॅडम, अर्जात तीन गोष्टी चुकीच्या आहेत. मी लिहिल्यात. मला माहीत नव्हतं, पण विचारलंही नव्हतं, म्हणून चूक माझीच.”

आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं पुस्तकी मराठीत, भाषणासारखी. मग कधी तो घरच्या बोलीत घसरला ते त्यालाही कळलं नाही. दर सालचं सारवण सांगितलं, हात लावायला येणारी घरं सांगितली. सकाळी काजळी फुंकायची होती, हेही सांगितलं. त्यावर सुकाभाऊजींनी कपाळावर हात मारला. आठव्या महिन्यातली पणजी उन्हात बसवली होती ते सांगितलं. आणि शेवटी जान्याबाबानं हात पुसला तेही सांगून टाकलं.

“अरं, कशाला!” बन्सी कळवळून म्हणाला. “आमी कोनी बोललो का? ऐंशी सालांत कोन बोललं का?”

“म्हनून तर मला बोलायला पायजे, काका.”

मॅडम पडवीच्या कडेला बसल्या. “तुम्हाला कल्पना आहे ना,” त्या नीलेशला म्हणाल्या, “मूळ ठसे नसतील तर यादीत नाव लागणं अवघड आहे? निर्णय माझा नसतो. समिती विचारते, जुनं काय आहे?”

“जुनं?” बायडीनं पहिल्यांदाच तोंड घातलं. “ही रीत जुनी हाय, बाई. भिंत सारवायची रीत. शेन कालचंच असतंय.”

मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. “आणि यादीत आलंच, तर नियम असा की भिंतीला कुणी हात लावायचा नाही. सारवायचंसुद्धा नाही.”

“मग नको यादी,” तानी बोलून गेली. सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. तिची पाचावर धारण बसली, पण शब्द मागे घेता येईनात. “हात लावला नाय तर चार पावसांत कूड उघडा पडंल. मग काय राखनार? लाल आकडा?”

कॅमेरावाला खुदकन हसला. मॅडमनी मात्र अर्ज नीलेशपुढे सरकवला आणि पेन दिलं. त्यानं ‘मूळ ठसे’ खोडलं, ‘नाही’ खोडलं, पणजोबाच्या हाताची सबंध ओळ खोडली. रिकाम्या जागेत बदलाच्या प्रश्नापुढे लिहिलं, ‘दर वर्षी’. कुणामार्फत, असा पुढचा रकाना होता. त्यात त्यानं चार नावं लिहिली: जान्या, जान्याची बायको, बायडी, तानी. पणजीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं.

“मी जे पाहिलं ते लिहीन,” मॅडम म्हणाल्या. “आणि जे ऐकलं तेही. नियम बदलत नाही म्हणून कुणी विचारायचंच नाही असं थोडंच आहे. पण वचन देत नाही.”

“वचन नको,” सुकाभाऊजी म्हणाले. “संध्याकाळपर्यंत थांबा. लोक येतील.”

“थांबते. पण भिंत तर अजून अर्धीच आहे.”

तानी लगबगीनं पाटीकडे वळली. नीलेशनं तिच्या आधी पाटी उचलली. बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात शेणात घातले. सपना फिसकन हसली, कारण या घरात काय, या पाड्यात कुठल्याच पुरुषानं जान्याबाबानंतर भिंत सारवली नव्हती.

बन्सी पुढे आला. त्यानं तांदळाच्या पिठाची ताटली नीलेशच्या नाकापुढे धरली. “नीलेश, ऐक. मी अठरा घरांच्या वतीनं सांगतो. आज तुझ्या घरचा पन हात लाव. झालं ते झालं.”

नीलेशनं ताटलीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. “नको, काका,” तो म्हणाला. “त्यानं पुसला, तो मी कसा लावू? तुमी सांजचे या. भिंत तयार ठेवतो.”

आणि तो उरलेल्या नऊ हातांकडे वळला. पहिला हात झाकताना तो थबकला, तानीकडे बघून घेतलं. मग शेण लावलं. फार जाड लावलं, गोळे राहिले, कडेला उतरलं. तानी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि तो भिंतीवरून हलका फिरवून दाखवला, वरून खाली, मग आडवा.

“असं,” ती म्हणाली. “दाबू नको. पुसायचं नाय, सारवायचं.”